एकोणीस मुलींची नस

१७ ऑगस्ट १९७६, मंगळवार

परवा झेंडावंदनाला नववीतली देवला उभ्या जागी कोसळली. राष्ट्रगीत संपायला एक ओळ उरली होती. दोघींनी तिला धरलं, कुणी लिंबू आणायला पळालं. शिपाई म्हणाला, "अंगात आलंय, बाजूला व्हा." मी तिचं मनगट धरून बसले. धरलं खरं, पण मोजायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. घरातली पहिली पदवीधर, वर बी. एड., आणि एका मुलीचे ठोके मोजता येत नाहीत. याची लाज वाटली. ती लाज कुठेतरी लिहून ठेवावी म्हणून ही वही काढली.

शुद्धीवर आल्यावर देवला म्हणाली, "बाई, छातीत कबुतर फडफडायलंय." आदल्या दिवसापासून नुसत्या काळ्या चहावर होती. रोज सकाळी तशीच येते म्हणे.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्या काळजाला कुनी इचारलं न्हाई, तरी ते चालूनच राहिलं." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं चाललं म्हून पोरीचं बी तसंच चालावं का?" बाबा हसले. वसमतच्या आडतीवर हळदीची पोती उचलणाऱ्या माणसाचं काळीज आहे ते, चालणारच.

२१ ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर देवलाला आणि तिच्या आईला, आशाबाईंना, घेऊन वसमतला गेले. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. म्हणाले, "हृदय निरोगी आहे. रक्त कमी आहे. आणि हिच्या मनात कसलं तरी भय आहे, त्याची गोळी माझ्याकडे नाही."

मग मलाच सांगत बसले. उपाशीपोटी घर सोडायचं नाही. शिळी भाकरी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीही चालेल. मिश्री बंद. रोज दमेपर्यंत पळायचं. आणि मनातलं कुणाला तरी सांगायचं. अंगठ्याखाली तीन बोटं ठेवून ठोके कसे मोजायचे तेही दाखवलं. बाबांनी पदवीच्या वेळी घेऊन दिलेल्या घड्याळावर मी आधी माझेच मोजले. ब्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही पळा."

बसमध्ये आशाबाई एकच गोष्ट तीनदा बोलल्या: "बाई, मिश्री सोडली तर दिवस उगवल्यासारखं वाटत न्हाई." देवला खिडकीबाहेर पाहत होती.

२५ ऑगस्ट, बुधवार

नववी-दहावीच्या मिळून एकोणीस मुली. सगळ्यांना मागच्या वर्गात बसवलं, दार लावलं आणि म्हटलं, "आज आपण नाडी पाहायला शिकू."

हशा जो फुटला तो थांबेना. नफिसाने ओढणीत तोंड खुपसलं. एकीने दुसरीच्या परकराची नाडी ओढल्याचं नाटक केलं. मग मी शब्द बदलला. म्हटलं, "बरं, नस म्हणा. आपण नस बघणार आहोत. प्रत्येकीने स्वतःची नस धरायची."

आता कुणी हसलं नाही. शब्द किती साधा, पण काम करून गेला. सगळ्या गंभीरपणे बांगड्या वर सारून बोटं ठेवून बसल्या. मी घड्याळ धरलं. वर्गात इतकी शांतता मी आजवर ऐकली नव्हती. देवलाचे बसल्या जागी एकशे सोळा.

शाळा सुटताना मुली एकमेकींना ओरडून सांगत होत्या, "बाईंनी माझी नस बघितली. तुझी बघितली का?" सारा रस्ता ऐकत होता. मला अभिमान वाटला.

३ सप्टेंबर, शुक्रवार

रोज शाळेआधी अर्धा तास आम्ही मैदानाला फेऱ्या मारतो. मोठ्या मुलींनी पळायचं म्हणजे इथे नवल. पहिल्या दिवशी कुंपणाशी तीन म्हातारे येऊन बसले. एक म्हणाला, "घोड्या मोकळ्या सुटल्या." मी शिट्टी वाजवली आणि त्यांच्या समोरूनच सर्वांना दुसरी फेरी मारायला लावली. तिसऱ्या दिवशी म्हातारे आले नाहीत. कंटाळले असतील.

शाळेच्या साठ्यातून शिक्क्याची एक लांब वही घेतली. एका मुलीला एक पान. रकाने मी विचार करून आखले: नाव, वय, सकाळी काय खाल्लं, मिश्री लावली का, पळण्याआधीची नस, पळाल्यानंतरची नस. नंतर आणखी दोन वाढवले, भावंडं किती आणि आईचं वय. कारण ज्या घरात लहानगी जास्त आणि आई थकलेली, त्या घरची थोरली मुलगी उपाशी येते, हे मला आठ दिवसांत दिसलं. पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी: मनात काय आहे. ती ओळ मुलगी स्वतः लिहिते आणि मी कुणाला दाखवत नाही, असा मी शब्द दिला आहे.

पाच जणींनी मिश्री सोडली. नफिसा म्हणते सोडली, पण दात सांगतात नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

देवलाचे शहाण्णव. चार फेऱ्या न थांबता. दप्तरात फडक्यात बांधलेली भाकरी होती, ती तिने मला दाखवली, बक्षीस दाखवावं तशी.

दुपारी मुख्याध्यापक उत्तमरावांनी शिक्षकांची बैठक घेतली. परभणीहून कागद आला आहे, प्रत्येक शिक्षकाने महिनाअखेर दोन केसेस आणायच्या. नसबंदीच्या. मी म्हटलं, "सर, मी इतिहास आणि मराठी शिकवायला आले आहे." सगळे खाली बघू लागले. उत्तमराव म्हणाले, "पद्माबाई, येत्या जूनला कायम व्हायचंय ना? आणि तुम्हाला काय अवघड आहे. तुमच्या वस्तीतून आणा दोन, तिकडे काय कमी आहेत."

मी उभीच होते. म्हटलं, "वस्तीत माणसं राहतात, सर. केसेस राहत नाहीत." बाहेर आले तेव्हा माझीच नस एकशे दहा होती. मोजली मी.

नंतर ते माझ्या टेबलाशी आले. रागावले असतील असं वाटलं, पण नाही. वही उचलून पानं चाळली, रकान्यांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "फार पद्धतशीर काम आहे हो तुमचं. किती घरं झाली?" मी म्हटलं एकोणीस. मोठ्या मनाचा माणूस आहे, असंच म्हणायला हवं. तळाची ओळ मात्र मी हाताने झाकली.

२१ सप्टेंबर, मंगळवार

काल सात मुली आल्या. आज दोन. मैदानावर मी आणि त्या दोघी. वाटेत एका बाईने मला पाहून कडेवरचं पोर पदराखाली घेतलं. गावात साथ आली का विचारलं, मुलं म्हणतात देवी नाही, पटकी नाही. मग काय आहे?

२३ सप्टेंबर, गुरुवार

शेवटी देवलाच्या घरी गेले. तिचे वडील भिवाजी ओसरीवर दोर वळत बसले होते. उठले नाहीत. देवला आत चौकटीला टेकून उभी होती.

मी विचारलं, "भिवाजी, पोरीला काहून पाठवत नाही?"

"कशाला पाठवू? तुमी नस बघून राहिल्या ना समद्या पोरींची?"

"हो. मग?"

"मग काय. आधी बघायची, मंग लिवायची, मंग गाडी येनार आन् कापनार. गड्यांची झाली, हातात तुपाचा डबा दिला, आता पोरींची. समदं गाव म्हनून राहिलं."

मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि मला हसू आलं, फार वाईट वेळी आलं. मी म्हटलं, "अहो, नस म्हणजे ठोके. काळजाचे ठोके. डॉक्टर मनगट धरतात तसं."

"डाक्टर धरतो ते मोकळा हात घेऊन. तुमी शिक्क्याच्या वहीत लिवता. नाव लिवता, वय लिवता. तिच्या मायचं बी वय लिवलं. ठोक्याला मायचं वय काहून लागतं, सांगा."

ते दोर वळत राहिले. "तुळशीचं लगीन लागलं की हिचं लावून देतो. मानसं बघून गेलीत. सासरी गेली की तिची नस तिचा नवरा सांभाळंल."

देवला आत गेली. तिने उंबऱ्यावर पाय आपटल्याचा आवाज आला. आवाज होता, म्हणून मला बरं वाटलं.

परत येताना सगळा रस्ता स्वतःला शिव्या दिल्या. नाडी म्हणाले असते तर नुसत्या हसल्या असत्या.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

मधल्या सुट्टीत उत्तमरावांनी बोलावलं. मला वाटलं गैरसमजाबद्दल असेल, ते गावाला समजावतील. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "ती वही आणा. एकोणीस घरं, पोरं किती ते आहे, बायकोचं वय आहे. तयार यादी आहे, पद्माबाई. उद्या तलाठ्याला दिली की काम झालं. तुमच्या दोन केसेस माफ. माझा शब्द."

गाव चुकलं नव्हतं. शब्द चुकीचा ऐकला, पण गोष्ट बरोबर ओळखली होती, माझ्याआधी. मीच ती यादी केली. सुंदर अक्षरात केली, रेघा पट्टीने मारल्या.

मी म्हटलं, "वही मुलींची आहे."

"शिक्का शाळेचा आहे."

"मग शिक्का घ्या. आतलं मिळणार नाही."

ते शांतपणे म्हणाले, "दिवस कसले आहेत ठाऊक आहे ना? बोलणारी माणसं कुठे बसली आहेत ठाऊक आहे ना?" मग तीन ओळींचा मेमो लिहिला. मंगळवारपर्यंत वही जमा करावी, अन्यथा आपल्या सेवेबाबत योग्य तो विचार करण्यात येईल.

वही घरी आणली आणि ज्वारीच्या कणगीत खाली दाबली. आईने पाहिलं आणि कणगीचं झाकण नीट बसवलं. बाबांनी मेमो वाचून घेतला. दोनदा. मग उत्तमराव काय बोलले ते विचारलं, मी सगळं सांगितलं. म्हणाले, "दोन केसेस, असं हाय व्हय." मी म्हटलं, "एकही नाही." ते म्हणाले, "व्हय, व्हय," आणि टोपी घालून बाहेर जाऊन बसले.

२८ सप्टेंबर, मंगळवार

वही दिली नाही. जे व्हायचं ते होवो.

बाबा काल वसमतहून दुपारच्याच बसने आले आणि आडवे झाले. पोतं उचलताना कंबर धरली म्हणाले. तीन-चार दिवस कामाला जाणार नाहीत. इतक्या वर्षांत त्यांची कंबर कधी धरली नव्हती. येताना तुपाचा डबा आणला, आडत्याने दिला म्हणे. आईने तो डबा उघडला नाही, हात न लावता पायाने चुलीमागे सारला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तूप घरात आलंय आणि भांडण चाललंय, हे आमच्याच घरात होऊ शकतं.

शाळेत उत्तमराव गोड होते. "तुमच्या नावावर एक केस लागली. अभिनंदन. आता वही द्या, दुसरीचं बघू."

मी कुणाला नेलेलं नाही. म्हणजे कुठल्या तरी गरिबाला धरून माझ्या नावावर चढवला. असली खोटी नोंद मी खपवून घेणार नाही. नाव खोडावं म्हणून अर्ज लिहायला घेतला आहे, परभणीला पाठवीन.

२९ सप्टेंबर, बुधवार

सकाळी नफिसाची आजी खतीजाबी आली, डोक्यावर बांगड्यांची टोपली. आईला वाटलं बांगड्या भरायला आली. ती माझ्यासमोर बसली आणि तिने माझा हात ओढून घेतला.

"मय चाळीस साल इस गाव में हाथ पकडतूं. कोणत्या पोरीचं मनगट भीतीनं थंड हाय, कोणती उपाशी हाय, मला बांगडी चढवताना समजतं. देवलाला लगनाच्या बांगड्या भरायचं बोलावणं आलं मला. मी गेले न्हाई."

मी सगळं सांगितलं, वहीचंही. म्हटलं, "जाळून टाकते."

"नक्को. जाळलेल्या कागजाला लोकं जास्त भितात. बोलतील, बाईनं आधी साहेबाला दिली, मंग जाळली. जिसका पन्ना उसके हाथ में दे. मी येते संगं. मला बघून दार तर उघडतील."

मग घड्याळाकडे पाहत म्हणाली, "आन् माझी बी बघ, कित्ती चलती." अठ्ठ्याहत्तर. ती म्हणाली, "सत्तर साल के हिसाब से बुरी नई."

३० सप्टेंबर, गुरुवार

रजेचा अर्ज टाकला आणि वहीची शिवण उसवली. एकोणीस पानं सुटी केली. खतीजाबी पुढे, मी मागे.

पहिल्या घरी बाप्यामाणसाने पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "यात कुटं कापायचं लिवलंय?" मी म्हटलं, "तुमच्या पोरीलाच वाचायला सांगा." मुलीने वाचलं: सकाळी भाकर, चटणी. भावंडं पाच. नस अठ्ठ्याऐंशी. बापाने विचारलं, "आन् ह्याची दुसरी वही?" मी म्हटलं, "नाही." खतीजाबी म्हणाली, "तिच्या घरात दोन वह्या ठेवायला जागा कुठं हाय." तो हसला. मग प्रत्येक घरी असंच. बाप ऐकायचा, मुलगी वाचायची. तळाची ओळ वाचायची की नाही ते मी मुलीवर सोडलं. बऱ्याच जणींनी नाही वाचली. दोन दारं उघडलीच नाहीत, ती पानं फटीतून आत सारली.

भिवाजींकडे शेवटी गेलो. देवलाने पान हातात घेतलं. वय पंधरा. मिश्री नाही. नस एकशे सोळा, एकशे चार, शहाण्णव. थांबली. मला वाटलं घडी घालेल. तिने वाचलं:

"दारात पाहुणे आले की छातीत कबुतर फडफडतं. शाळेत आलं की बसतं. बाबाला सांगावं वाटतं, पण बाबा विचारत नाही."

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. भिवाजींचा दोर हातातच राहिला. ते म्हणाले, "हे लिवलं कवा?"

"पंधरा दिस झाले."

"मंग इतके दिस बोलली काहून न्हाईस?"

"आताच तर बोलले."

त्यांनी तिच्या हातातून पान घेतलं, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवलं. वाचता येत नाही त्यांना. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, "बाई, ते नस-फिस नका म्हनू. दुसरं काही तरी म्हना." लग्नाबद्दल हो की नाही, काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, आणि आता वाटतं, विचारायला हवं होतं.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्तमरावांच्या टेबलावर वहीचा पुठ्ठा ठेवला. शिक्क्यासकट. ते म्हणाले, "आतली पानं?"

"ज्यांची होती त्यांना दिली."

"कुणाच्या परवानगीने?"

"त्यांच्याच."

दुसरा मेमो मिळाला, बेशिस्तीचा. त्याच्या खाली मी तिथेच उभ्या उभ्या उत्तर लिहिलं: मुलींनी विश्वासाने सांगितलेली माहिती मी कोणत्याही कार्यालयास देणार नाही. जूनमध्ये कायम केले नाही तरी देणार नाही. सही, तारीख. मग म्हटलं, "आणि माझ्या नावावरची ती खोटी केस खोडा. मला तो कागद बघायचाय."

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाले, "खोटी नाही ती. घरी जाऊन विचार करा, मग सांगा, कागद दाखवतो."

घरी अर्ज पुरा करायला बसले. बाबा खाटेवरून म्हणाले, "पदमा, ते राहू दे."

"अन्याय आहे, बाबा. कुणाचा तरी बळी दिलाय माझ्या नावावर."

"ज्यानं दिला त्यानं आपखुशीनं दिला आसंल. राहू दे. मी कवा काही मागितलं का तुला?"

खरंच, कधी मागितलं नाही. अर्ज या रोजच्या वहीत ठेवला आहे, फाडला नाही. आई चुलीशी पाठ करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. धूर फार होता.

५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मैदानावर कुणी येईल असं धरून चालले नव्हते. एकटीच पळायचं ठरवलं होतं. दोन मेमो आहेत, बंदी कुठल्याच मेमोत नाही.

दुसऱ्या फेरीला नफिसा आली, मग शेवटपर्यंत येत राहिलेल्या त्या दोघी. पाचव्या फेरीला कुंपणाकडून देवला आली, तिच्यामागे वीस पावलांवर भिवाजी. ते म्हाताऱ्यांच्या जागेवर बसले. मी म्हटलं, "किती वेळ बसणार?" ते म्हणाले, "बघू द्या की. माझी पोरगी पळती कशी ते मी बघितलंच न्हाई." सात वाजेपर्यंत अकरा जणी झाल्या. आठ अजून घरात आहेत. त्यांच्या दारांवरून मी रोज जाणार आहे.

आता वही नाही. प्रत्येकीने बोटं ठेवायची, मोजायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि विसरायचा. शब्दाचा प्रश्न देवलाने सोडवला. तिने मनगटावर बोटं ठेवली आणि ओरडली, "बाई, कबुतर चौऱ्याऐंशी." आता सगळ्या कबुतरच म्हणतात. या शब्दावर कुणी कसली यादी करून दाखवावी.

शेवटी बाबा आले, अजून सावकाश चालतात, पाय फाकवून. दगडावर बसले, हात पुढे केला. "माझं बी बघ."

मी तीन बोटं ठेवली. बहात्तर, एकसारखे. म्हटलं, "बाबा, तुमचं काळीज सगळ्यात चांगलं चाललंय."

"व्हय ना," ते म्हणाले, "ते तर शाबूत हाय."

काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. मुली ओळीत उभ्या होत्या. उत्तमराव शाळेच्या दारात येऊन थांबले होते, हातात तिसरा कागद होता. मी त्यांच्याकडे पाहत शिट्टी वाजवली आणि अकरा जणींबरोबर आणखी एका फेरीला निघाले.